पौषातल्या रात्री, धालोच्या मांडावर

पौष महिना म्हटला की आपल्याकडे सगळं कसं थंड! लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, नव्या खरेदीचं नाव काढायचं नाही. संक्रांतीचा तेवढा तिळगूळ, बाकी महिना भाकडच. पण तुम्हांला सांगू का मैत्रिणींनो, चोर्ल्याचा घाट उतरून खाली गोव्यात गेलात, तर याच भाकड पौषात गावोगावच्या बायका रात्रीची जेवणं उरकून अंगणात जमतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गातात, नाचतात, फुगड्या घालतात. या खेळाला म्हणतात धालो. या वर्षी मी तो पाहिला. पाहिला म्हणते खरी, पण तो पाहायचा नसतोच मुळी. ते पुढे येईलच.

आधी गेल्या श्रावणातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या नात्यातल्या एका नव्या नवरीची मंगळागौर होती. हॉल घेतलेला, कॅटरर सांगितलेला आणि खेळ करायला एक ग्रूप बोलावलेला. हल्ली शहरांतून सर्रास बोलावतात. एकसारख्या नऊवाऱ्या, एकसारख्या नथी, गळ्याशी माईक. बायका खरोखर चांगल्या तयारीच्या होत्या, त्यांना नावं ठेवत नाही मी. पिंगा झाला, लाट्या झाल्या, कोंबडा झाला, सूप नाचवून झालं. आम्ही सगळ्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या. नवरीसुद्धा खुर्चीवरच! माझ्या शेजारी माझ्या सासूबाई होत्या. गुडघे गेलेत, पण तरुणपणी त्यांच्याशिवाय गल्लीतली मंगळागौर व्हायची नाही असं सगळे सांगतात. त्या मांडीवर हात ठेवून अगदी गप्प बसल्या होत्या. रिक्षात म्हणाल्या, "छान झालं हो. सिनेमाला गेल्यासारखं वाटलं." मला ते वाक्य उगाचच लागून राहिलं.

तर डिसेंबरात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. बी.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूच्या एका लहान गावात नांदते आहे. "शेवटच्या दोन रात्रींना तरी ये," म्हणाली. शनिवार-रविवारला जोडून शाळेतून दोन दिवसांची रजा काढली, मुलीला बरोबर घेतलं आणि घरच्या मंडळींसाठी चटण्या-लाडवांचे डबे भरून निघाले. (आपण नसलो की घरातल्यांना मीठसुद्धा सापडत नाही, हा अनुभव तुमचाही असेलच.)

इचलकरंजीहून बेळगाव आणि बेळगावहून कदंबची बस. जांबोटी गेलं की झाडी दाट होत जाते. कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम आहे, तिथल्या माउलीच्या देवळाला बसमधूनच हात जोडले. मग चोर्ल्याचा घाट. उतरताना वळणावळणांवर मुलीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. खाली केरीजवळ अंजुणे धरणाचं पाणी दिसलं आणि हवाच बदलली. साखळीला मैत्रीण घ्यायला आली होती. तिच्या घरामागे कुळागर आहे, म्हणजे माड-पोफळी-केळींची बाग. त्यातून पाटाचं पाणी झुळझुळत असतं. संध्याकाळी पाहिलं तर तिच्या सासूबाई ओट्यावर दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. त्या त्यांच्या मांडावरच्या मुख्य गाणाऱ्या.

मांड म्हणजे काय, ते सांगते. वाड्यावरच्या एका ठरलेल्या घरासमोरचं ठरलेलं अंगण. कोणाचंही अंगण मांड होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा असते आणि ती देवाची जागा मानतात. सारवून स्वच्छ केलेली, तुळशीपुढे दिवा, शेजारी नारळ. पायांत चपला घालून मांडावर जायचं नाही. आणि पुरुषांनी तर नाहीच नाही! कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. ज्या मांडाची जशी रीत असेल तशी. तोवर भाताची कापणी-मळणी संपलेली असते. शेतात राबणाऱ्या बायकांना तेवढी काय ती उसंत. त्यातून हा खेळ आलाय. कुणबी, गावडे, शेतकरी घरांतल्या बायकांनी तो सांभाळलाय.

साडेनऊला आम्ही निघालो. चांदणं इतकं लख्ख की बॅटरी लावावी लागली नाही. पोरांना कुणाकडे ठेवायचं हा आपला नेहमीचा प्रश्न मी विचारला, तर मैत्रीण हसून म्हणाली, "त्यांचे बाप आहेत की घरी." खरंच, वाटेत एका घराच्या पडवीत एक गृहस्थ रडणाऱ्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना दिसले. आम्हांला पाहून कसनुसं हसले बिचारे.

मांडावर पंचवीसएक बायका असतील. बारा वर्षांच्या मुलीपासून पार सत्तरीपर्यंतच्या. काही नुकत्याच भांडी घासून आलेल्या, पदराला हात पुसत. दिव्यापुढे नमस्कार झाला, मग त्या दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहिल्या. शेजारणीच्या कमरेभोवती हात गुंफून रांग साखळीसारखी बांधून घेतली. एका रांगेने गाण्याची ओळ म्हणायची, वाकत पुढे यायचं, पुन्हा मागे सरायचं. मग तीच ओळ समोरच्या रांगेने उचलायची. ना ढोलकी, ना झांज, ना पेटी. नुसते गळे आणि मातीवर पडणारी पावलं. पावलं अगदी साधी आहेत. पण दहा मिनिटं ऐकत राहिलं की त्या पुढे-मागे होण्याची झिंग चढते, पाळण्यात बसल्यासारखी.

गाणी कोकणीत, मध्येच मराठीत सरकणारी. आधी धरित्रीला, देवांना नमन. मग रामायण-महाभारतातल्या कथा, सासर-माहेर, दीर-नणंदा, झाडं-फुलं, पाणवठा. आपल्या भोंडल्याच्या नाहीतर ओवीच्या गाण्यांची ही सख्खी मावसबहीणच म्हणा. कोकणी कळत नसूनही माहेराकडून कोणी न्यायला आलेलं नाही, एवढं तर मला सहज कळलं! आणि एवढी लांब गाणी एकीच्याही हातात कागद नसताना चालली होती.

मी आपली कडेला पायरीवर बसले होते. मुलीने मोबाईल काढला. तेवढ्यात मैत्रिणीच्या सासूबाई रांगेतूनच, गाणं थांबलेलं पाहून म्हणाल्या, "गो बाय, पळोवपाक आयलीस काय खेळपाक?" पाहायला आलीस की खेळायला? सगळ्या हसल्या. मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी म्हटलं, मला पावलं येत नाहीत, गाणी येत नाहीत, भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, पावलं शेजारीण नेईल, तू नुसती धरून राहा. मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही मायलेकी रांगेत शिरलो.

आता खरं सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि स्नेहसंमेलनाचे नाच बसवायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा मी "गोव्याचं लोकनृत्य" म्हणून धालोच बसवला होता, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. प्रेक्षकांना तोंडं दिसावीत म्हणून दोन्ही रांगा मी प्रेक्षकांकडे वळवल्या होत्या. बक्षीसही मिळालं. त्या रात्री मांडावर उभी राहिल्यावर मला कळलं की मी नेमका धालोचा जीवच काढून टाकला होता. समोरच्या रांगेतली बाई तुमच्याकडे बघत गाते, तुम्ही तिच्याकडे बघत उत्तर देता. तुमची ओळ चुकली तर ती डोळे मोठे करते, दमलात तर हसते. तिथे तिसरं कोणी बघणारं नसतंच.

आणखी एक. माझ्या उजव्या हाताला एक आजी होत्या, सासूबाईंच्याच वयाच्या. बसताना-उठताना त्या गुडघ्यावर हात देत होत्या. पण रांगेत वाकत होत्या, मागे सरत होत्या. कारण एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने त्यांची सून, अशा आम्ही त्यांना धरून होतो. खरं म्हणजे भार त्यांचा माझ्यावर आणि माझ्या चुकलेल्या पावलांचा त्यांच्यावर! मला राहून राहून रिक्षातलं ते वाक्य आठवत होतं.

मध्ये मध्ये फुगड्या झाल्या. गोव्याची फुगडी आपल्यापेक्षा वेगवान वाटली मला, आणि तीसुद्धा वाद्याशिवाय. नुसता तोंडाने 'फू' असा ठेका. बाराच्या पुढे मला धाप लागली, त्या मात्र ताज्यातवान्या. याच बायका पहाटे पाचला उठून उकड्या तांदळाची पेज चुलीवर चढवणार होत्या!

दुसरी रात्र शेवटची. त्या रात्री सोंगं निघतात. बायका नवऱ्यांचे, दिरांचे सदरे-विजारी घालून येतात. एकीने शिकारी केला, एकीने वैदू. आणि एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई चष्मा लावून, काखेत फाईल मारून सरकारी साहेब झाली. "उद्या या," एवढं एकच वाक्य तिने प्रत्येकीपुढे जाऊन इतक्या तऱ्हांनी म्हटलं की हसून हसून पोट दुखायला लागलं. आपल्या नवऱ्याची चाल हुबेहूब काढणारीही एक होती. पुरुषांना मांडावर का येऊ देत नाहीत ते मला तेव्हा पुरतं समजलं! शेवटी गाऱ्हाणं घालून मांडाचा निरोप घेतला, चुरमुरे-गूळ-खोबरं वाटलं. एवढा वेळ खिदळणाऱ्या बायका त्या क्षणी एकदम गंभीर झाल्या होत्या.

हा खेळ फक्त हिंदू बायकांचा आहे असं मात्र समजू नका. गोव्यातल्या ख्रिस्ती गावडा बायकाही धालो खेळतात. पोर्तुगीज अमलात १७३६ साली निघालेल्या एका फर्मानाने बाटलेल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर, अगदी लग्नातल्या ओव्यांवरही बंदी घातली होती. एवढी सत्ता, एवढा धाक, पण बायकांच्या गळ्यातलं गाणं काही काढून घेता आलं नाही. परत आल्यावर वाचनालयातून विनायक खेडेकरांचा 'लोकसरिता' हा ग्रंथ आणला. गोव्याचं लोकजीवन समजून घ्यायचं असेल तर जरूर वाचा. आपण गोवा म्हणजे समुद्र आणि कार्निव्हल एवढंच धरून चालतो.

सगळं छान छान आहे असंही नाही हं. मैत्रीण सांगत होती, तिच्या ओळखीच्या एका वाड्यावरचा मांड बंदच पडलाय. पोरी नोकरीला शहरात, सकाळची शिफ्ट, रात्री जागणार कोण? त्यांच्या मांडावरही तरुण सुना गाण्याच्या मधल्या ओळींना नुसते ओठ हलवत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिच्या सासूबाईंना जेवढी गाणी येतात, त्यांतली निम्मीसुद्धा तिला येत नाहीत. ती स्वतःच खंतावून म्हणाली, "विचारायचं राहूनच जातं गं. रोज घरातच असतात ना त्या."

तुम्हांला जायचं असेल तर ओळखीशिवाय जाऊ नका, हा पर्यटकांचा कार्यक्रम नव्हे. पौष म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी, पण प्रत्येक मांडाचे दिवस वेगळे, म्हणून आधी विचारून घ्या. मांडासाठी एक नारळ न्या, अंगावर शाल असू द्या, आणि फोटोचं विचारल्याशिवाय मनातही आणू नका.

घरी आले तो संक्रांत तोंडावर. आमच्याकडे हळदीकुंकू असतं, दरवर्षी वाण देऊन, अत्तर लावून पंधरा मिनिटांत बायका मोकळ्या. या वेळी मी सतरंजी अंथरली, खुर्च्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि सासूबाईंना म्हटलं, तुम्ही म्हणा, आम्ही मागून म्हणतो. "वेडी आहेस का," म्हणून त्या आधी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग आल्या. वीस-बावीस बायकांपैकी सहाजणी थांबल्या, बाकीच्यांना अजून चार घरं करायची होती. भिंतीला टेकून बसूनच त्यांनी झिम्म्याचं एक गाणं म्हटलं, मग दुसरं. आम्ही सहाजणी आणि माझी मुलगी दोन रांगा करून उभ्या होतो. एका रांगेत तीन, एकीत चार. मुलगी पावलं दाखवत होती, गोव्याची! सासूबाईंनी तिला दोनदा थांबवून "असं नाही, असं" म्हणत हातांनी ठेका धरून दिला. पाचव्या गाण्याच्या मध्यावर त्या अडखळल्या. पुढची ओळ काही केल्या आठवेना. बायका म्हणाल्या, असू दे हो, आणि तिळगूळ घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी पहाटे मी डबे करत होते. मागे काठीचा आवाज आला. सासूबाई दारात उभ्या, केस अजून विंचरायचे होते.

"आठवली गं ती ओळ," त्या म्हणाल्या. "वही आण पटकन."

कणकेच्या हातानेच गेले आणि मुलीच्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतली.