राजेगावची तिसरी पिन

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की रावणवाडी मागे पडते, मग बाघ नदीचा पूल येतो, आणि पूल संपला की मध्य प्रदेश. पलीकडे राजेगाव, माझं आजोळ. दिवाळीनंतर गेलात तर दोन्ही काठांवर सारखंच दृश्य दिसतं: कापणीला आलेला धान, बांधावर रचलेल्या पेंढ्या आणि गावोगावी भरणाऱ्या मंडया. फरक फक्त पाट्यांच्या भाषेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट तिकडेच राहिला. सोयरिकी मात्र पुलावरून चालूच राहिल्या. माझी आई त्यातलीच एक.

गेल्या वर्षी बंगळूरहून जाताना माझ्या बॅगेत मामासाठी माझा जुना अॅम्प्लिफायर होता आणि त्याच्याबरोबर एक पॉवर कॉर्ड. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं काळं आवरण, सोनेरी पिना. किंमत साडेतेरा हजार रुपये. दुकानदार म्हणाला होता की या कॉर्डने पार्श्वभूमी ‘काळीशार’ होते, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी बी.ई. इलेक्ट्रॉनिक्सचा. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी मला कळायला हवं होतं. पण छंदाच्या बाबतीत माणूस शिकलेलं विसरतो.

हे सगळं एका कॅसेटसाठी होतं. १९९१ साली मामाने आजी जात्यावर दळताना तिच्या ओव्या टेप केल्या होत्या. आजीचा आवाज म्हणून घरात एवढंच उरलं आहे. मामाचा टेप डेक अजून चालतो, स्पीकरही ठीक आहेत. नव्या अॅम्प्लिफायरवर आणि नव्या कॉर्डवर आजी स्पष्ट ऐकू येईल, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पडवीत सगळं जोडलं. मामा, मामी, शेजारची दोन मुलं, सगळे बसले. कॅसेट सुरू झाली आणि आजीच्या आवाजाच्याही आधी ऐकू आली ती जाड, एकसुरी घूंऽऽ.

“ते जात्याचा आवाज होय,” मामा म्हणाला.

“कॅसेट बंद केल्यावरही येतोय, मामा.”

मामी हसली. “त्या डब्याले हात लाव, कमी होते. पण सांभाळून, थोडा झणका देते. आमच्या फ्रिजसारखाच.”

मी हात लावला. घूं खरंच कमी झाली आणि बोटांना मुंग्या आल्या. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आधी काय केलं, तर कॉर्ड काढून उलटसुलट घासूनपुसून परत लावली.

त्या रात्री आम्ही जवळच्या गावच्या मंडईत गेलो. नाटकाआधी भोंग्यांतून हीच घूं येत होती. साउंडवाला पोरगा उठला, लोखंडी सळई रंगमंचामागच्या ओल्या जमिनीत ठोकली, मिक्सरच्या पेटीपासून एक तार तिला गुंडाळली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. घूं थांबली. पोरगा मला म्हणाला, “अर्थिंग नव्हती ना गा, भाऊ.” त्याने बी.ई. केलेलं नव्हतं.

सकाळी मेन स्विच बंद करून मामाच्या पडवीतला बोर्ड उघडला. प्लगच्या तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. म्हणजे माझ्या साडेतेरा हजारांच्या कॉर्डची तिसरी सोनेरी पिन कुठेच जात नव्हती. सगळ्या घराची हीच गत होती.

आता थोडं शिकलेलं आठवू. अॅम्प्लिफायरमध्ये गाणं पॉवर कॉर्डमधून येत नाही. कॉर्डमधून येते ती फक्त वीज, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, म्हणजे ५० आवर्तनं पूर्ण करणारी. आत ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, डायोड तिला एका दिशेला वळवतात, मोठे कपॅसिटर ती साठवून सपाट करतात. गाण्याला लागते ती ही साठवलेली वीज. चांगल्या यंत्रात हे काम आतच होतं, बाहेरच्या कॉर्डवर सोपवलेलं नसतं. अर्थिंग नसलं की मात्र यंत्राची धातूची पेटी अधांतरी राहते, आतून थोडी वीज तिच्यावर झिरपते आणि ती ५० हर्ट्झची गुणगुण टेप डेकच्या वायरमधून आवाजात शिरते. हात लावल्यावर ती कमी होते, कारण त्या वेळी आपणच तिला जमिनीकडे जायची वाट करून देतो.

कॉर्ड जाड असण्याचा फायदा किती, तेही कागदावर मांडून पाहिलं. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची दीड मीटर साधी कॉर्ड घेतली तर जाणारी-येणारी तार मिळून तिचा रोध साधारण ०.०३५ ओहम. अॅम्प्लिफायर १०० वॅट घेत असेल तर तिच्यात सुमारे १५ मिलिव्होल्ट हरवतात. चार चौरस मिलिमीटरच्या जाड कॉर्डमध्ये पाच-सहा. वाचले १० मिलिव्होल्ट, म्हणजे २३० व्होल्टचा तेवीस हजारावा भाग. आणि मामाच्या घरी मल्टिमीटर दुपारी २२५ दाखवत होता, संध्याकाळी १९५. तीस व्होल्ट खाली-वर होत असताना मी शंभरावा हिस्सा व्होल्ट वाचवायला निघालो होतो.

तांब्याच्या शुद्धतेचंही तसंच. याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, त्यामुळे मामाला तांब्याचं कौतुक फार. पण साध्या वायरीतलं तांबंही बहुतेक ९९.९ टक्के शुद्धच असतं. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याची वहनक्षमता त्याहून फार तर टक्काभर जास्त. शिवाय ती वीज कितीतरी मैल अॅल्युमिनियमच्या तारांतून येते. शेवटच्या दीड मीटरला सोनं लावून मागचे मैल बदलत नाहीत.

दुपारी गावातला वायरमन आला. विहिरीजवळ खड्डा खणला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी सोडलं, घरभर हिरवी तार ओढली. मेनजवळ ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज गळली तर पुरवठा आपोआप तुटेल. सगळं मिळून माझ्या कॉर्डच्या निम्म्याहून कमी खर्च. मामीने फ्रिजला आधी एक बोट लावलं, मग पूर्ण तळवा. “कायले इतकी वर्षं झणके खाल्ले आपण?” ती मामाला म्हणाली. मामा काही बोलला नाही. मला मात्र त्या क्षणी आवाजाचा विसर पडला. पावसाळ्यात ओल्या पायांनी तो फ्रिज उघडणारी शेजारची मुलं आठवली.

मग कॉर्डला शेवटची, निष्पक्ष संधी दिली. घूं आता नव्हती. मामीला पडद्याआड बसवलं. दर वेळी ती नाणं उडवणार, त्याप्रमाणे साधी किंवा महागडी कॉर्ड लावणार, आणि आम्ही ओळखायचं. दहा वेळा. माझी सहा उत्तरं बरोबर आली, मामाची चार. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच येतातच. दहापैकी नऊ किंवा दहा आली असती, तर गोष्ट वेगळी. अंदाजाने तसं घडण्याची शक्यता शेकडा एक आहे. मला जेव्हा सर्वात जास्त खात्री वाटली होती, “हीच महागडी!” म्हणालो होतो, तेव्हा साधी लावलेली होती.

आवाज खरोखर सुधारला तो दुसऱ्याच गोष्टीने. डेकच्या हेडवर वर्षांची तपकिरी पूड साचली होती. कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटने ती पुसली. खर्च वीस रुपये.

संध्याकाळी परत सगळे पडवीत बसलो. कॅसेट सुरू झाली. टेपची बारीक फुसफुस होती, आणि तिच्यामागे जातं ऐकू आलं. ते घूं करत नव्हतंच. ते थांबत होतं, मूठ पडली की जड होत होतं, मग परत हलकं. ओवी त्या फेऱ्यांवर चालत होती. मामा मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्या ओवीनंतर मागून एका बाईचा आवाज आला, “आई, पोरगा उठला.” ती माझी आई होती. पोरगा मी.

रात्री मी आईला बंगळूरला फोन लावून तेवढा तुकडा ऐकवला. रायचूर–सोलापूर वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली, तेव्हापासून दक्षिणेची वीज देशाच्या बाकीच्या जाळ्याशी एका तालात चालते. म्हणजे राजेगावच्या बोर्डात आणि माझ्या फ्लॅटच्या बोर्डात तेच ५० हर्ट्झ. ते कोणत्याही कॉर्डने बदलत नाहीत.

तुमच्याही घरी चांगल्या स्पीकरची हौस असेल, तर कॉर्ड घेण्याआधी गावच्या घराचा एक बोर्ड वायरमनला उघडायला सांगा. आई-बाबा, मामा-मामी म्हणतील, “थोडा झणका देतोच तो.” तेवढं वाक्य ऐकलंत की समजा, खर्च कुठे करायचा ते. माझी कॉर्ड राजेगावातच आहे. मामाने तिच्यावर टेबलफॅन लावलाय. छान चालतो म्हणे.