परतीचा मुक्काम, भाग तिसरा : कृष्णाकाठ आणि पंचगंगा

सोमवार, सातारा

पुणं आणि नाशिक मागच्या भागांत झालं. आता दक्षिणेकडे. सासूबाई कराडला एकट्या असतात, त्यामुळे कराडहून दोन तासांत गाठता येईल असंच गाव बघायचं, हे आइंडहोवनहून निघतानाच ठरलं होतं. नवऱ्याला महिन्यातून काही दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर राहावं लागेल, एरवी काम घरून. माझं भाषांतराचं काम कुठेही बसून होतं. म्हणजे गाव निवडायचं ते मुलांसाठी.

घाई आहे ती लेकीमुळे. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळा साधारण बाराव्या वर्षी संपते, आणि पुढची शाळा विद्यापीठाकडे नेणारी की हातातल्या कसबाकडे, याची वाट त्याच वेळी आखली जाते. लेक अकरा वर्षांची आहे. त्या वाटेला लागल्यावर तिला मधेच उचलून आणायचं माझ्या मनाला पटत नाही. धाकटा सात वर्षांचा, तो कुठेही रुजेल.

तिथे सुट्टी नसताना मुलांना शाळेतून काढून नेलं तर पालकांना दंड होतो. म्हणून आम्ही उन्हाळी सुट्टीत आलो, म्हणजे इथल्या भर पावसात. ते चांगलंच झालं. शाळा चालू आहेत, आणि गावाची खरी परीक्षा याच दिवसांत होते.

कोणत्याही शाळेच्या आत जाण्याआधी मी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहते आणि मुलं घरी कशी जातात ते बघते. आइंडहोवनला लेक सायकलवरून एकटी शाळेत जाते. तिच्या वर्गाची वाहतुकीची परीक्षा झाली आहे, आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, मैत्रिणीचं घर, सगळीकडे ती आपली आपण जाते. तिला इथे आणून पुन्हा कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे बसवणार असू, तर आपण तिच्याकडून फार मोठी गोष्ट काढून घेतोय. आजी, भाषा, सणवार हे सगळं मिळेल, पण त्या बदल्यात पायांखालचा रस्ता जाता कामा नये.

साताऱ्यात राजपथावर आणि खालच्या रस्त्यावर पोरं घोळक्याने चालत घरी जाताना दिसली. रेनकोट दप्तरावरून ओढलेले, चपला हातात. सायकली मात्र कमी, कारण अजिंक्यताऱ्याच्या अंगाला वसलेलं हे गाव चढउतारांचं आहे. एका शाळेत (नाव सांगत नाही) आम्हाला बजावलं की मुलांना न्यायला पालक किंवा व्हॅनवाले काका आलेच पाहिजेत, सातवीपर्यंत कुणालाही एकटं सोडत नाही. शाळेची भीती मला कळते, फाटकासमोरून डंपर जात होते. पण डंपरचा रस्ता बदलायच्या ऐवजी मुलाचा रस्ता बंद करायचा, हे मला मान्य नाही.

दुपारी प्रतापसिंह हायस्कूल बघितलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथे भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. लेकीने विचारलं, त्यांना सोडायला कोण येत होतं? मला उत्तर माहीत नव्हतं. पण त्या मुलाला वर्गात वेगळं बसावं लागे हे मी तिला सांगितलं, आणि त्यावर ती बराच वेळ बोलत राहिली.

मंगळवार, वाई

नवऱ्याचा जीव वाईत अडकला. घाटाच्या पायऱ्या, ढोल्या गणपती, आणि गावाच्या मधून दुथडी वाहणारी कृष्णा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चालवलं. एवढ्या लहान गावात एवढं मोठं काम उभं राहिलं याचं मला फार अप्रूप आहे.

पण मुलं मोठी झाली की शिकायला साताऱ्याला नाहीतर पुण्याला जातात, असं घराघरात ऐकलं. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथे वसतिगृहाच्या शाळा आहेत. आम्ही एका घरात राहायला परत येतोय, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

बुधवार, कराड

पाऊस दिवसभर. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी गाव निवडू नका गं. मी प्रीतिसंगमावर रोज जाते, माझ्या मैत्रिणी इथं आहेत. पोरांचं बघा." हे त्या मनापासून म्हणाल्या. तरी दोन तासांची अट आम्ही सोडलेली नाही.

गुरुवार, कोल्हापूर

महामार्ग सहापदरी करायचं काम चालू आहे, जागोजागी रस्ता वळवलेला. पोचायला उशीर झाला.

स्टँडवरून रिक्षात बसलो आणि पहिला प्रश्न नवऱ्याने विचारला, पाणी किती फुटावर आहे? रिक्षावाले काका मागे न बघता म्हणाले, "छत्तीसवर हाय. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. राधानगरीचं दरवाजं अजून उघडल्यालं न्हाईत. बिनघोर ऱ्हावा." पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इथे पानवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला पाठ असते. राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, आणि एकेक दरवाजा उघडल्याची बातमी तासाभरात गावभर होते. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर कित्येक दिवस तुटलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. त्याच जुलैमध्ये, काहीच दिवस आधी, नेदरलँड्सच्या लिंबुर्ग भागातही नद्या गावांत शिरल्या होत्या. आमच्या शेजाऱ्यांचे नातेवाईक तिथले. तेव्हा आम्ही एकाच महिन्यात दोन्ही घरांची काळजी केली होती.

म्हणून एजंटने नागाळा पार्काच्या बाजूला एक सुंदर फ्लॅट दाखवला, तेव्हा मी आधी पूररेषा विचारली. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही; निळी आणि लाल यांच्या मधल्या जागेत अटी पाळून परवानगी मिळते, पण तिथे मोठ्या पुराचं पाणी येऊ शकतं. एजंट म्हणाला, पाणी फक्त पार्किंगपर्यंत येतं. समोरच्या भिंतीवरचा मातकट पट्टा माझ्या खांद्याच्या वर होता. परदेशातून येऊन उन्हाळ्यात घर बघणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे : नकाशावर लाल रेषा बघा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एकोणीस सालाबद्दल विचारा, आणि मगच टोकन द्या.

मग आम्ही उंचावरच्या राजारामपुरीत गेलो. आखून वसवलेली वस्ती, सरळ गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. पहिली, दुसरी, तिसरी. धाकट्याने दहा मिनिटांत सगळी रचना ओळखली आणि विचारलं, मी एकटा पुढच्या गल्लीतल्या बेकरीत जाऊ? मी कोपऱ्यावर उभी राहिले. तो गेला, त्याच्या तुटक मराठीत खारी मागितली. बेकरीतल्या काकूंनी सुटे पैसे त्याच्या तळहातावर ठेवले, त्याची मूठ आपल्या हाताने मिटली आणि पायरीपर्यंत येऊन त्याला रस्ता ओलांडताना बघत राहिल्या. त्यांनी मला पाहिलंही नव्हतं.

शुक्रवार, कोल्हापूर

आज शाळा. राज्य मंडळाची, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. नातेवाइकांचा सल्ला होता की परदेशातून आलेल्या मुलांना इंटरनॅशनल नावाच्या शाळेतच घालावं. पण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. म्हणजे मराठी शिकायचीच आहे, मग ती आठवड्याच्या काही तासांपुरती का असावी? गल्लीतल्या मुलांच्या बरोबरीने, त्याच बाकावर शिकली तर मैदानातही उपयोगी पडेल.

मुख्याध्यापिका बाईंनी लेकीच्या पुढे बालभारतीचं पुस्तक ठेवलं. आइंडहोवनला रविवारच्या वर्गात ती जेवढं शिकली तेवढ्यावर ती वाचू लागली, ओळीखाली बोट धरून. एका जोडाक्षरापाशी अडली. मी शब्द सांगायला तोंड उघडलं तेव्हा बाईंनी टेबलाखालून हाताने मला थांबवलं. खोलीत पावसाचा आवाज होता, दारातून दोन मुली डोकावत होत्या, आणि बाई लेकीकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसल्या, तिला अवघडू नये म्हणून. लेकीने अक्षर फोडलं, जोडलं, पुढे गेली. पान संपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "वर्षभरात होईल. गणितात ती पुढे असेल, तिथं ती इतरांना सांगेल. मराठीत इतर तिला सांगतील."

ऑफिसात मात्र शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि आमच्याकडे तसा दाखला नव्हता, डच शाळेचा प्रगतीचा अहवाल होता. क्लार्कसाहेबांनी आमचं ऐकून घेतलं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं असतं आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. जन्मदाखला, पासपोर्ट, आधार, अहवालाचं प्रमाणित भाषांतर, अशी यादी त्यांनी हाताने लिहून दिली. मुलं जन्मली तेव्हा वर्षाच्या आत हेगच्या भारतीय दूतावासात नोंदणी केली होती, त्यामुळे दोघं भारतीय नागरिक आहेत. परदेशात मूल झालेल्यांनी ही नोंद लांबणीवर टाकू नये.

शाळा सुटली तेव्हा मी फाटकासमोर होते. रिक्षाकाकांच्या रिक्षा ठासून भरलेल्या, ते काही मला आवडलं नाही. पण चार-चारच्या टोळक्यात सायकलवरून निघालेल्या मुलीही होत्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत दप्तरं बांधून, मोठमोठ्याने बोलत, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. लेक त्यांच्याकडे बघत होती आणि मी लेकीकडे.

संध्याकाळी शिवाजी पेठेत गांधी मैदानावर पाणी साठलेलं, आणि त्या पाण्यात फुटबॉल. कोल्हापूरला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रत्येक पेठेचा आपला संघ आणि आपले रंग. धाकटा तीन वर्षं क्लबात खेळतोय. त्याने काठावर उभं राहून एक चेंडू परत मारला आणि एक मोठा पोरगा ओरडला, "ये की आत! बूट काढ फकस्त." नंतर त्याला ओळखायला मला चिखल पुसावा लागला. त्याला संघात घ्यायला कुणी फी, फॉर्म, फोटो काहीही मागितलं नव्हतं.

परतताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबलो. १९०१ पासून महाराजांच्या आधाराने इथे बोर्डिंगं सुरू झाली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेका समाजाच्या मुलांची राहायची सोय झाली, खेड्यातली पोरं शिकली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. डच कायदा १९०० चा, म्हणजे थोडाच आधीचा. तिथल्या दंडाला घाबरून आम्ही पावसाळ्यात आलो आणि तशाच दंडाची गोष्ट मला या चौकात सापडली! ज्या गावाने शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या मुलांना घर दिलं, त्या गावावर माझा विश्वास बसतो.

शनिवार, सांगली आणि मिरज

सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा गढूळ आणि रुंद. इथे धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नगरवाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली, हे ऐकून लेक गप्पच झाली. तिच्या शाळेत १९५३ च्या डच पुराचा धडा असतो. विश्रामबाग उंचावर आहे, रस्ते रुंद आहेत, आणि तिथे सायकली भरपूर दिसल्या. सांगलीला मी मनातून खोडलेलं नाही.

मिरजेत नवरा खुलला. जंक्शन असल्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर सगळीकडच्या गाड्या, शिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयापासून खासगी दवाखान्यांपर्यंत डॉक्टरांचं गाव. सासूबाईंचं वय बघता हा मुद्दा हलका नाही. सतारमेकर गल्लीत एका कारागिराने लेकीला पंढरपूरकडून आलेला वाळका भोपळा हातात दिला, टिचकी मारून आवाज ऐकवला. त्याचा दहावीतला मुलगा शेजारी बसून तारदाणीला पॉलिश करत होता.

रविवार, कराड

जेवणं झाल्यावर सगळे बसलो. नवरा मिरज म्हणतो, गाड्या आणि दवाखाने यांच्यासाठी. धाकटा कोल्हापूर. लेकीला कोल्हापूर हवंय, पण अट घातली आहे की पहिल्या महिन्यापासून शाळेत सायकलने जाणार, आणि रस्ता मी नाही, ती स्वतः शोधणार. मी तिच्या बाजूने आहे. पुण्याची वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते, पण नवऱ्याला महिन्यातून थोडेच दिवस जायचंय, आणि कोल्हापूरहून मिरजेचे डॉक्टर तासा-दीड तासावर आहेत.

घर विकत घ्यायचं नाही, यावर एकमत झालं. राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या बाजूच्या उंचावर अकरा महिन्यांचा भाडेकरार करायचा, एप्रिलमध्ये सामान हलवायचं, जूनमध्ये शाळेत, आणि पुढचा पावसाळा तिथे राहून काढायचा. नवऱ्याला तेव्हाही मिरज बरी वाटली तर पुन्हा बोलू. सासूबाईंनी मुलांच्या कागदपत्रांची ती हाताने लिहिलेली यादी मागून घेतली. पुण्यात भाषांतराला टाकायचे कागद त्या स्वतः वेगळे काढून ठेवतायत. उद्या सकाळी त्यासाठी पुण्याला निघतो.

(क्रमशः)