घरी नको, गावात उतरा

चंद्रपूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मृणालला अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मामीने वाचून दाखवला. नाताळात ताडोबाला यायचं म्हणताय, मोहर्लीच्या रिसॉर्टचा भाव ऐकून जावईबापूंचे डोळे पांढरे झाले, आणि शेवटी तू हळूच विचारलंस, "मामा, तुमच्याकडेच उतरलो तर?" आधी त्याचंच उत्तर देतो. नका उतरू. रागावू नकोस. घरात न्हाणीघर एक, तुम्ही पाच जण, आम्ही चौघं, आणि सफारीला पहाटे साडेचारला निघायचं. तुझ्या सासूबाई संकोचाने कढत पाणी मागणार नाहीत, मामी रात्रभर झोपणार नाही आणि परत जाताना सगळेच दमलेले असतील. जेवायला या, हक्काने या. झोपायला लॉजवर जा. उभी हयात लॉजच्या काउंटरवर बसून काढलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा त्यात थोडा धंद्याचा अभिमान आहे असं समज.

आता मुद्द्याचं. तुम्ही गेल्या वर्षी इटलीला गेलात तेव्हा अमाल्फी, पोझितानोचे भाव बघून सालेर्नोत राहिलात, आणि तिथून बोटीने ते नखरेल किनारे पाहून संध्याकाळी परत यायचात, हे तूच फोनवर रंगवून सांगितलं होतंस. सालेर्नोत मध्ययुगात नावाजलेलं वैद्यकाचं विद्यालय होतं, जुन्या गल्ल्या आहेत, मोठं चर्च आहे, आणि खोली मात्र परवडणारी, असं तुझं म्हणणं होतं. मग तोच हिशोब इथे का विसरलीस? चंद्रपूर हे नुसतं ताडोबाचं स्टेशन आहे असं पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतं. गोंड राजांची राजधानी आहे बाई ही. भोवती सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या. खिडक्या म्हणजे लहान दरवाजे, माणूस जाईल एवढे. लोक जटपुरा गेटमधल्या गर्दीत हॉर्न वाजवत अडकतात, पण मान वर करून कमानीवरचा दगड बघत नाहीत. हत्तींना दाबून धरलेला सिंह कोरलाय तिथे, गोंड राजांचं राजचिन्ह. पोरांना तो आधी दाखव.

गाव देखणं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कोळशाच्या खाणी आहेत, २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, खिडकीच्या कठड्यावर दुपारपर्यंत काळी धूळ बसते. पण आमचा लॉजचा धंदा त्या धुळीवरच उभा आहे. इथल्या खोल्या वाघ बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या नाहीत. खाणीवर, सिमेंट कारखान्यात, वीज केंद्रात कामाला येणारे इंजिनिअर, ठेकेदार, औषध कंपन्यांचे फिरते लोक, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार यांच्यासाठी त्या आहेत. म्हणून त्या साध्या आहेत, स्वच्छ आहेत आणि भाव माफक आहेत. मोहर्लीला वार बघून भाव बदलतो. आमच्याकडे भाव बदलत नाही, खोली मिळणं तेवढं वार बघून ठरतं. आठवड्याच्या मध्ये कंपनीची माणसं असतात, तेव्हा फोन आठ-दहा दिवस आधी झालेला बरा.

नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा सोड. गेटही भरलेले, रस्तेही भरलेले, आणि शनिवार-रविवारी सफारीचा दरच चढा असतो. २० जानेवारीच्या मंगळवारी पोचा. मंगळवारी ताडोबा बंद असतो हे ठाऊक नसल्यामुळे लोक तो दिवस हॉटेलात टीव्ही बघत घालवतात. तुम्ही तो दिवस गावाला द्या. बुधवारी पहाटे सफारी, गुरुवारी मार्कंडा, गुरुवारी रात्री परतीची गाडी. मुलांची शाळा बुडेल, बुडू दे. वाघ मे महिन्यात पाणवठ्यावर हमखास दिसतो, जानेवारीत गवत उंच असतं, हे खरं. पण मे महिन्यात इथे पारा ४६-४७ ला टेकतो. दुपारी टाकीतलं पाणी इतकं तापतं की गिझर न लावता नळाला चहाचं पाणी येतं. सासूबाईंना त्या भट्टीत आणू नकोस.

सफारीचं बुकिंग ऑनलाइन असतं आणि गेटप्रमाणे असतं. इथेच लोक फसतात. ताडोबाचं नाव बघतात, कोलारा गेटची जिप्सी मिळते म्हणून खूश होऊन पैसे भरतात आणि खोली घेतात चंद्रपुरात. कोलारा चिमूरच्या अंगाला आहे. इथून जायचं तर वरोऱ्यावरून शंभरेक किलोमीटरचा वळसा. जंगलातून आरपार कुणी सोडत नाही. तुम्हाला मोहर्ली हवं. इथून तासाभरात गाडी गेटवर. मोहर्ली नाही मिळालं तर आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेट्स आपल्याच बाजूला आहेत. बफर म्हणजे दुय्यम असं समजू नकोस, वाघाला नकाशा वाचता येत नाही. बुकिंगला दिलेली ओळखपत्रंच गेटवर लागतात, आधारवर जसं नाव आहे तसंच भर. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमची पाच माणसं एका गाडीत.

रेल्वेचं एक सांगून ठेवतो. चंद्रपूर आणि चांदा फोर्ट ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. नागपूरहून दिल्ली-चेन्नई मार्गाने येणारी गाडी चंद्रपूरला येते. चांदा फोर्ट गोंदिया-नागभीडच्या मार्गावर आहे. दक्षिणेच्या काही जलद गाड्या चंद्रपूर सोडून थेट बल्लारशाला, म्हणजे बल्लारपूरला थांबतात. त्यात बसलात तर घाबरू नका, ते पंधरा किलोमीटरवर आहे, मी रिक्षा पाठवतो. उतरल्यावर वर्धा नदीच्या काठचा बल्लारपूरचा किल्ला आधीच बघून घ्या. आमचे गोंड राजे चंद्रपूरला येण्याआधी तिथूनच राज्य करत.

आता खोली. ॲपवर फोटो बघून घेऊ नकोस, काउंटरवर फोन कर. ॲपवरची खोली नेहमी कोपऱ्यावरची एकच असते, दर वर्षी नवी चादर घालून तिचाच फोटो काढतात. हे मीच करत आलोय. फोनवर पहिला प्रश्न भावाचा विचारू नकोस, तो विचारलास की पलीकडचा माणूस भावापुरतंच बोलतो. आधी विचार, गरम पाणी किती वाजता येतं? बहुतेक लॉजवर सकाळी सहा ते नऊ. तुम्ही निघणार साडेचारला. खोलीत स्वतंत्र गिझर असेल तरच ती खोली तुमच्या कामाची. मग लिफ्ट आहे का, असेल तर इन्व्हर्टरवर चालते का. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पहिला मजला आणि कमोड. रस्त्याकडची खोली नको, मागची दे म्हणावं; एम.जी. रोडवर रात्री अकरापर्यंत आणि पहाटे पाचपासून ट्रॅफिक असतो. सगळ्यात वरचा मजला उन्हाळ्यात स्लॅबमुळे तापतो, जानेवारीत चालेल, पण टाकीच्या शेजारची खोली टाळ, मोटर चालू झाली की भिंत थरथरते.

दुसरं, चेक-आऊट. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो, काही ठिकाणी दुपारी बाराचा. तुम्ही मंगळवारी सकाळी सातला पोचणार आणि गुरुवारी रात्री निघणार. बारावाल्याकडे गेलात तर मंगळवारच्या सकाळसाठी एक जादा दिवस आणि गुरुवारच्या संध्याकाळसाठी आणखी एक, असे दोन दिवस वाढतील. चोवीस तासवाल्याकडे गुरुवारी सकाळी खोली सोडा, सामान काउंटरमागे ठेवा, संध्याकाळी हातपाय धुवायला तासाभराची खोली मागा. ओळख असेल तर कुणी पैसे घेत नाही. ओळख माझी आहे.

नाश्ता भाड्यात धरलाय का ते विचार, आणि धरला असेल तर काढायला लाव. तो आठला सुरू होतो, सफारीवाला तेव्हा जंगलात असतो. माझ्या काउंटरसमोरून किती तरी कुटुंबं फुकटच्या इडलीचे पैसे भरून उपाशी गेली! त्यापेक्षा बसस्टँडजवळ तर्रीपोहे खा, परतल्यावर. तर्री मुलांना वेगळी मागा. आदल्या रात्री पोळी-भाजीचा डबा मामी देईल.

आणि रात्रपाळीच्या पोराला झोपण्याआधी सांगून ठेवा की पहाटे शटर उघडायचं आहे. शटर आतून कुलूप लावून तो सोफ्यावर, घोंगडं डोक्यावर ओढून झोपतो. चावी उशीखाली असते. ज्यांनी सांगितलं नाही त्यांची जिप्सी गेटवर वाट बघत बसलेली मी पाहिली आहे. दहाची नोट आधी, नंतर नाही.

गाडी नागपूरहून घेणार असाल तर ड्रायव्हर कुठे झोपणार ते ठरव. लोक स्वतःसाठी एसी खोली घेतात आणि जंगलाच्या रस्त्यावर पहाटे गाडी चालवणाऱ्याला थंडीत सीटवर झोपवतात. लॉजवर ड्रायव्हरसाठी गादी असते, मागायची असते. नवीन जीएसटीही बघून घ्या. २२ सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर बारावरून पाच टक्के झालाय. बिलावर अजून बारा लावला असेल तर बोट ठेवून दाखव.

मंगळवारी दुपारी सासूबाई झोपल्या की पोरांना घेऊन बाहेर पडा. अंचलेश्वराचं देऊळ, त्याच्या शेजारी राणी हिराईने बीरशाहासाठी बांधलेली समाधी, त्याच बाजूला महाकालीचं देऊळ. चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून माणसांचा लोट येतो आणि माझ्या लॉजच्या जिन्यातही गाद्या घालाव्या लागत. जानेवारीत निवांत असेल. झरपट नदीच्या काठी उभं राहून पोरांना कथा सांग. खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावरच्या गाठी इथल्या पाण्याने बऱ्या झाल्या, मग एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर राणीने कोट बांधायला सांगितलं. ससा कुत्र्यामागे धावला हे ऐकून धाकटा हसतो की नाही बघ. बगड खिडकीपाशी तटावर चढता येतं. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून झुडपं तोडून तो कोट मोकळा केला, नाहीतर तो बाभळींनी गिळला होता. जमलं तर भिवापूर-लालपेठकडे उघड्यावर पडलेल्या अजस्र मूर्तीही बघ, दहा तोंडांची एक आहे. रायप्पा नावाच्या वाण्याने देवळासाठी घडवून घेतल्या, देऊळ झालंच नाही.

स्वस्तात स्वस्त हवं असेल तर भद्रावतीच्या जैन मंदिराची धर्मशाळा आहे, केसरिया पार्श्वनाथाची. इथून पंचवीसेक किलोमीटर. भोजनशाळेत जेवण उत्तम, पण सूर्यास्ताआधी, आणि कांदा-लसूण विसरा. जावईबापूंना झेपेल असं वाटत नाही. तरी जाता-येता विजासनची लेणी बघाच, डोंगरात लांबलचक बोळ आणि टोकाला बुद्ध.

गुरुवारी मूल-चामोर्शीच्या रस्त्याने मार्कंड्याला जा. वैनगंगा तिथे उत्तरेला वळते, म्हणून त्या जागेला काशीचं महत्त्व. मुख्य देवळाच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं चाललंय, पण भोवतालच्या लहान देवळांवरची शिल्पं बघून पाय निघत नाही. मुक्काम तिथे करू नका, गडचिरोलीतही नको; तिथली लॉजं मोजकी, आणि ती साहेब-ठेकेदारांनी भरलेली. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, तेव्हा यायचा विचार मनात आला तर तो काढून टाक, मार्कंड्याला माणूसच माणूस असतो. हेमलकशाचं तू लिहिलंयस. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे आणि पुढेही राहील. आलापल्लीचं जंगल ओलांडून जायचं, आधी परवानगी काढून तिथेच राहायचं. ते या तीन दिवसांत कोंबू नका.

तारखा पक्क्या झाल्या की पाचही जणांची आधारवरची नावं आणि वयं पाठव, खोल्या मी सांगून ठेवतो. दोन खोल्या, मधे दार असलेल्या. बुधवारी रात्री जेवायला घरी. मामी पाटवडीचा रस्सा करणार आहे, तिखट कमी करायला मी सांगितलंय, ती ऐकेल याची हमी नाही.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा
मामा

ता. क. सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे, गेटवर जमा करावा लागतो. जावईबापूंना आत्ताच सांग, म्हणजे तिथे वाद नको. जुना कॅमेरा असेल तर सेल बघून घे. आणि स्वेटर, कानटोपी, शिवाय अंगावर घ्यायला एक जाड चादर जास्तीची आण. उघड्या जिप्सीत पहाटे गारठा हाडात शिरतो, आणि लॉजचं घोंगडं गाडीत नेऊ देत नाहीत. मी तर कुणालाच नेऊ दिलं नाही.