भोंगा आणि कायदा

जबलपुरात आमच्या घराचे घड्याळ म्हणजे आयुध निर्माणीचा भोंगा. वडील त्याच भोंग्यावर डबा घेऊन निघत. १९७१च्या युद्धात त्यांनी आपणहून जादा पाळ्या केल्या. पुढे युनियनच्या सभांनाही ते तितक्याच निष्ठेने जात. देशसेवा आणि हक्काची मागणी यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही.

२०२१ साली सरकारला तो दिसला. ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या करण्याविरुद्ध कामगारांनी संपाचे हत्यार उपसताच उत्तर सीमेवरील परिस्थितीकडे बोट दाखवून संपबंदीचा कायदा झाला. संपकऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. कायद्याची मुदत वर्षाचीच होती. तेवढ्यात कंपन्या झाल्या.

ही वाट आशियाला नवी नाही. चीनशी युद्ध चालू असता जपानने १९४० साली कामगार संघटना मोडून कामगारांना राष्ट्रसेवेच्या एकाच सरकारी छत्राखाली आणले. आज पुन्हा आशियाभर शस्त्रांवरील खर्च वाढतो आहे. सीमेवरचा धोका खोटा नसतो; पण त्याच्या सावलीत कामगाराचे तोंड बंद करणे सोपे जाते.

१९७१ साली वडिलांना कोणी कायदा दाखवला नव्हता. तरीही माल वेळेवर गेला होता.