अनुमोदक म्हणून तुझं नाव लाव

चि. पिंटूस,


व्हॉट्सअॅपवरचा तुझा लांबलचक मजकूर वाचला. उत्तर तिथंच दिलं असतं, पण अंगठ्यानं लिहायची मला सवय नाही, आणि तिथलं बोलणं पुढं कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. म्हणून कागद घेतला. वाच आणि तुझ्यापाशीच ठेव. नगरसेवकाच्या मामाचं पत्र गावभर व्हायला नको.

तर तळ्याचा गाळ काढायचा आणि सांडवा दुरुस्त करायचा, हा विषय पलीकडच्या गटाच्या बाईंनी सर्वसाधारण सभेत आणलाय. तुझ्या वॉर्डातल्या विहिरी त्या तळ्यावरच जगतात, काम व्हायला हवं हे तुला पटतंय. तुझे गटनेते मात्र म्हणतात, त्यांच्या विषयाला हात वर केला तर श्रेय त्यांचं, आणि आपले कार्यकर्ते विचारतील की मग निवडणुकीत एकमेकांची डोकी कशाला फोडली? आणि तू मला विचारतोस, पक्ष मोठा की तळं. प्रश्न असा मांडला की त्याचं उत्तर फक्त भाषणात देता येतं, सभेत नाही.

सोबतचे फॉरवर्डही वाचले. १९९४ मध्ये नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते असलेल्या वाजपेयींना जिनिव्हाला भारताची बाजू मांडायला पाठवलं. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा नाशिकमधून त्यांना बिनविरोध निवडून दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला आवडतातही. पण त्या मोठ्या माणसांच्या मोठ्या मनाच्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही वेळा समोर परका देश होता. तुझ्या सभेत समोर पाकिस्तान नाही, शेजारच्या आळीतल्या बाई आहेत. तिथं मोठ्या मनाची वाट बघत बसलास तर गाळ आणखी फूटभर चढेल.

त्यापेक्षा सूनबाईच्या पगाराची स्लिप काढून बघ. व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. मास्तरणीच्या पगारातून हे पैसे का जातात, हे तिला तरी कुणी सांगितलंय का? १९७५ च्या कायद्यानं हा कर आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं, डॉक्टर-वकिलानं, व्यापाऱ्यानं द्यायचा, सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचं. मुंबई-पुण्याच्या आमदारानं आपल्या मतदाराच्या खिशातून पैसे काढून ते जत-आटपाडीच्या बाईला द्यायला हात वर करायचा होता. त्यातून त्याला एक मत मिळणार नव्हतं. तरी ते झालं.

कसं झालं ते सांगतो, कारण मी नोकरीभर रोजगार हमीचंच खाल्लं. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, मूळचे काँग्रेसचे. १९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यात विसापूरच्या आसपास हा प्रयोग करून बघितला. माणूस सभापतीच्या खुर्चीत, त्यामुळं दोन्ही बाकांना त्याचं ऐकणं भाग. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. तुझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात मिलोची लाल भाकरी असायची, ती घशाखाली उतरत नसे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याच सुमारास मुंबईत समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि कम्युनिस्ट तारा रेड्डी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढत होत्या. खेड्यापाड्यांत लाल निशाण, शेकाप, समाजवादी कामाच्या मागणीसाठी तहसीलवर बसत होते. सरकारला मोकळा श्वास घेऊ देत नव्हते.

मग १९७७ चा रोजगार हमी कायदा. दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर. ज्या वर्षी आणीबाणी उठली, त्याच वर्षाचा हा कायदा, हे लक्षात घे. तेव्हाचं राजकारण सोज्वळ होतं, माणसं एकमेकांचा मान राखत होती, असं तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. विरोधी पक्षांतली कितीतरी माणसं तुरुंगात राहून आली होती. कटुता आजच्यापेक्षा कमी नव्हती. फक्त ती मोबाईलवरून घरात शिरत नव्हती.

आणि खरी गंमत पुढं आहे. कायदा मंजूर झाला, पण अमलात यायचा होता. मधे १९७८ च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवारांचं पुलोद आलं. त्यात शेकापचे एन. डी. पाटील, जनसंघाच्या मुशीतले हशू अडवाणी, समाजवादी, सगळी मोट. हा आधीच्यांचा कायदा म्हणून त्यांनी तो बासनात बांधून ठेवला असता तर कोण विचारणार होतं? २६ जानेवारी १९७९ ला त्याच सरकारच्या काळात तो लागू झाला. नाव तेच, कलमं तीच.

आता याच्या शेजारी आपलं जलयुक्त शिवार ठेव. २०१४ च्या शेवटी फडणवीसांच्या सरकारनं सुरू केलं. पुढं आघाडी सरकारच्या काळात योजना गुंडाळली गेली, २०२० मध्ये 'कॅग'नं ताशेरे ओढले आणि सरकारनं चौकशी लावली. २०२२ मध्ये सरकार बदललं, योजना परत आली, आता तिला २.० म्हणतात. मी पाण्याच्या कामातला माणूस म्हणून सांगतो, त्यात काही कामं चांगली होती आणि काही निव्वळ जेसीबीची चंगळ. नाला किती खोल करायचा, खालचा खडक कुठला, हे न बघता खणलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुठल्या गावात पाणी टिकलं, कुठल्या नाही, ही चर्चा झालीच नाही. एक बाजू म्हणत होती महाराष्ट्र दुष्काळमुक्त झाला, दुसरी म्हणत होती सगळा भ्रष्टाचार. यात चांगला बंधारा आणि वाईट बंधारा, दोघंही एकाच फायलीत गेले.

तू म्हणशील, मामा जुन्या आठवणीत रमला. तसं नाही. जुन्या काळी एक सोय होती, ती आज नाही, आणि ती तुला माहीत असायला हवी. १९७७ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो १९८५ चा. त्याआधी आमदारानं पक्षाच्या विरोधात हात वर केला तर फार तर तिकीट जायचं, आमदारकी नाही. त्यामुळं त्या एकमताला किंमत होती, वेगळं मत द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. आज व्हिप निघाला की एका विषयावर वेगळं मत देणारा एकटादुकटा सदस्य अपात्र ठरू शकतो, आणि आख्खे पक्ष मात्र इकडून तिकडं जातात. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. एका तळ्यासाठी विरोधकाबरोबर मत देणं धोक्याचं, आणि सत्तेसाठी विरोधकाबरोबर जाणं मात्र राजरोस. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात असं नसणार, पण झालंय असं.

म्हणून महाराष्ट्रात पक्षांमध्ये सहकार्य उरलं नाही, हे रडगाणं मला पटत नाही. सहकार्य भरपूर आहे. २०१९ पासून कोण कुणाबरोबर बसून आला नाही, हे शोधायला भिंग लागेल. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आमदारांची पगारवाढ चर्चेविना मंजूर झाली, तेव्हा कुठलाच पक्ष कुठल्या पक्षाचा वैरी नव्हता. तुझ्या नगरपरिषदेतही हे दिसेल. सभेत माइक फेकणारे दोघं ठेकेदाराच्या ऑफिसात एकाच सोफ्यावर सापडतील. वर हे असं, आणि खाली कार्यकर्त्यांनी चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटून घेतल्यात. नेते जाऊन-येऊन असतात, पोरं मात्र जुन्या भांडणातच अडकून राहतात. तुझ्याच प्रचारात दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत, हे तूच सांगितलंस.

एकमत झालं म्हणून टाळ्या वाजवू नकोस, ते कुणासाठी झालं ते बघ. रोजगार हमीत फायदा होणारी बाई सभागृहात नव्हती. पगारवाढीत फायदा होणारे सगळे सभागृहातच होते.

आणि एकमत झालं म्हणून भांडण संपलं असंही नव्हतं. कायदा झाल्यावर तर जास्त पेटलं. मजुरी किती, काम गावापासून किती लांब, मोजणी कुणी करायची, हजेरीपत्रकावर खोटी नावं किती. विरोधक सरकारला सोलून काढायचे. त्या भांडणानंच योजना जागी राहिली, नाही तर ती कधीच कागदावर गेली असती.

याचा एक नमुना मी जवळून बघितलाय. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आमच्या पाझर तलावावर आली. सगळ्या पक्षांचे आमदार, आठ-दहा जीपगाड्या. (समित्यांच्या सरबराईच्या कथा तुला जिल्हा परिषदेतला कुठलाही जुना कारकून रंगवून सांगेल, आणि त्या सगळ्याच खोट्या नसतात.) मातीकाम करताना खड्ड्याच्या मधे मधे मातीचे खुंट सोडतात, मूळ जमीन कुठवर होती ते कळावं म्हणून. कुणी चलाख असेल तर खुंटावर वरून माती थापून तो उंच करतो आणि खोली जास्त दाखवतो. शेकापच्या एका आमदारानं धोतर खोचलं, खड्ड्यात उतरला आणि छत्रीच्या टोकानं खुंटाचा माथा उकरला. भुसभुशीत माती खाली आली. वर काँग्रेसचा आमदार हजेरीपत्रक हातात घेऊन एकेका बाईला नाव विचारत होता. खड्ड्यातल्यानं आकडा ओरडून सांगितला, वरच्यानं तो लिहून घेतला. मग आमच्या साहेबांना प्रश्न सुरू झाले, आणि सरकार पक्षाच्या माणसाचे प्रश्न जास्त बोचरे होते. साहेबांच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो.

हीच दोन माणसं अधिवेशनात एकमेकांवर तुटून पडायची, ते आम्ही पेपरात वाचायचो. मग इथं काय वेगळं होतं? समितीच्या कामात पेपरवाले नसतात, गॅलरी नसते, टाळ्या नसतात. हातात टेप आणि कागद असतो, आणि अहवाल सगळ्यांच्या नावानं सभागृहात जातो. चूक काढली तर ती एका पक्षाची राहत नाही. पुढं २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला तेव्हाही हेच झालं. विधेयक काँग्रेस आघाडीच्या सरकारचं, ते तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष भाजपचे कल्याणसिंह, आणि समितीनं ते विधेयक दुबळं करायला नव्हे, आणखी बळकट करायला सांगितलं.

आता तुझ्या तळ्याचं. व्हिप निघाला आणि तू त्याविरुद्ध मत दिलंस, तर १९८६ च्या कायद्याखाली प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढं जाईल आणि नगरसेवकपद घालवून बसशील. असलं हौतात्म्य मला नको आणि ताईला तर मुळीच नको. म्हणून जे करायचं ते सभेच्या आधी. गटनेत्यांना सांग, विरोध करून श्रेय मिळत नाही, उन्हाळ्यात टँकर लागला की दोष मात्र आपल्याला मिळतो. सूचक त्या बाई राहू देत, अनुमोदक तू हो. आणि रिकाम्या हातानं अनुमोदन देऊ नकोस, उपसूचना दे. गाळ काढण्याआधी आणि नंतर तळ्याची मोजणी व्हावी, ती दोन्ही गटांच्या एकेका सदस्यासमोर व्हावी, आणि निघालेला गाळ कुठल्या शेतात गेला त्याची यादी सभेपुढं यावी. ही उपसूचना तुझ्या पक्षाची. तिचं श्रेय पोरांना सांगायला काही हरकत नाही, आणि गटनेत्यांनाही कार्यकर्त्यांपुढं तोंड दाखवायला जागा मिळते. कोनशिलेवर कुणाचं नाव यावरही भांडा, मनसोक्त भांडा, पण काम संपल्यावर.

बाईंना आधी भेट. त्यांच्या घरी जाऊ नकोस, दोघांच्याही माणसांना ते खपणार नाही. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात भेट, टेबलावर नकाशा ठेवून. त्यांनी उपसूचनेला नकार दिला तर मग त्यांना नक्की काय लपवायचंय ते कळेल, आणि तेव्हा तुझा विरोध खरा असेल. इतिवृत्तात तो कारणासकट नोंदवून घे. सही करण्याआधी इतिवृत्त वाच. निम्म्या नगरसेवकांनी ते आयुष्यात वाचलेलं नसतं.

सांडव्याच्या अंदाजपत्रकाची प्रत मला पाठव. मोजणी कुठल्या बेंचमार्कवरून घेतली ते त्यात लिहिलेलं असतं. नसेल तर तोच पहिला प्रश्न विचार. आणि सध्याची गाळाची पातळी कोणत्या महिन्यात मोजली तेही बघ. पाणी असताना काठी घालून घेतलेले आकडे धरू नकोस.

मामी विचारते, येताना एकटाच येणार की मागंपुढं गाड्या असणार, म्हणजे भाकरी त्या हिशेबानं टाकायला.

तुझा,
मामा