न टाकलेले पत्र

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास होता. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८, एवढे मुलांकडून घोकून घेऊन मी नागरिकशास्त्राचे पुस्तक मिटले. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण आमदार काम काय करतात?"

"कायदे करतात," मी पुस्तकातले उत्तर दिले. मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. मला घरी ट्रंकेत पडलेले एक पत्र आठवले.

ते पत्र मी लिहिले होते खामगावच्या पांडुरंग फुंडकरांना. जिल्हाभर लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. माझा त्यांचा परिचय नव्हता. मी आपला मॅट्रिक झालेला मास्तर. माझ्या कादंबऱ्यांतून पुढारी येतात ते गाडी आणि खोटे हसू घेऊनच. तसा पुढारी रंगवायला सोपा असतो. पण या माणसाचा प्रवास मला त्या साच्यात बसवता येईना.

१९७८ साली खामगावने त्यांना विधानसभेवर पाठवले, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १९८० साली ते पुन्हा निवडून आले. पुढे १९८९, १९९१ आणि १९९६ असे तीनदा अकोल्याचे खासदार झाले. १९९८ साली हरले. मग विधान परिषद, आणि २००५ पासून काही वर्षे तेथील विरोधी पक्षनेतेपद. राज्यातला त्यांचा बराच काळ विरोधी बाकांवर, म्हणजे प्रश्न विचारण्यात गेला. मंत्रिपद मिळाले ते थेट २०१६ च्या जुलैत; आणि खाते कोणते, तर शेतीचे!

आता प्रश्न त्यांच्या दाराशी आले. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. आणि दिवाळी आली ती गुलाबी बोंडअळी घेऊन.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात. त्या वर्षी बाबांनी पूजा केली, एक बोंड फोडले, आणि आतली अळी मला दाखवली. हाताला लागली ती नुसती कवडी. मी चिडून मंत्र्यांचे नाव घेतले. बाबा म्हणाले, "अरे, अयी काय मंत्र्याले इचारून येते?"

त्या रात्री मी पत्र लिहिले. तक्रार नव्हती, एकच प्रश्न होता: भाऊसाहेब, इतकी वर्षे आपण प्रश्न विचारलेत, आता उत्तरे देत आहात, यांतले अवघड कोणते?

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात त्यांनीच मदत जाहीर केली: कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. त्यात आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्यांची भरपाई अशा तीन वाटा होत्या. एक हात देणार आणि तीन खिशांतून काढणार, हे गणित सभागृहात उभे राहून सांगणे सोपे नसणार. पत्र टपालात टाकायचे मी पुढे ढकलले. खामगावात भेटतील, तेव्हा हातात देऊ, असे ठरवले.

३१ मे २०१८ रोजी मुंबईत हृदयविकाराने ते गेले. चाळीस वर्षांच्या वाटचालीत मंत्रिपद दोन वर्षेही पुरते लाभले नाही. माझा प्रश्न ट्रंकेतच राहिला.

घंटा व्हायला पाच मिनिटे होती. मी त्या मुलाला पुन्हा उभे केले आणि म्हणालो, "आमदार आपले प्रश्न दुसऱ्याला विचारतो. मग एखाद्या दिवशी तेच प्रश्न त्याला विचारले जातात. पण आपण विचारलेच नाहीत, तर त्याने काय करावे?"

सुटीचा अभ्यास म्हणून सगळ्यांना आमदारसाहेबांना एकेक पत्र लिहायला सांगितले आहे. टपालाचा खर्च माझा. आणि या खेपेला पेटीत टाकायलाही मी स्वतः जाणार आहे.