आजीचं साडेब्याण्णव

2002 च्या उन्हाळ्यात मुंबईत खासगी एफएम स्टेशनं पाठोपाठ सुरू झाली आणि आमच्या कन्नमवारनगरात मजल्यामजल्यावरून वेगळं गाणं ऐकू येऊ लागलं. बहुतेक घरांत हिंदी. आमचा काटा मात्र 92.5 वर, 'गो'वर. मिड-डे समूहाचं ते इंग्रजी गाण्यांचं स्टेशन. आजी म्हणायची, "लाव बाबा तुझं साडेब्याण्णव. पण दिवेलागणीला बंद."

काकाला आमचं कौतुक नव्हतं. त्याच्या काळी आकाशवाणी मुंबईवर शनिवारी रात्री 'सॅटर्डे डेट' लागायचं, आठवड्यातून एकदाच. आम्हाला रोज मिळत होतं, म्हणजे आम्ही लाडावलेलेच.

टू-इन-वनची एरियल मुळापाशी मोडलेली. तिथे तांब्याची तार गुंडाळून ती खिडकीच्या गजाला बांधली होती. तरी खरखर जायची नाही. तार कुणी हातात धरली की मात्र आवाज स्वच्छ. ते काम धाकट्या भावाकडे. एकदा डीप पर्पल लागलं. मी कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दाबलं, भाऊ तार धरून पुतळ्यासारखा उभा. सोलो रंगात आला आणि त्याला डास चावला. विक्रोळी पूर्वेचे, खाडीकडचे डास! त्याने हात सोडला, पोटरीवर चापट मारली, पुन्हा तार धरली. तेवढी खर्रर्र टेपमध्ये कायमची बसली, चापटीसकट.

मराठी वस्तीत रॉक कोण ऐकणार, असं तेव्हा शहाणी माणसं म्हणत. मला विचाराल तर दोष वस्तीचा नव्हता, हिशेबाचा होता. मुंबईच्या एका परवान्याला वर्षाला 9.75 कोटी रुपये, वर दरसाल 15 टक्के वाढ. कमाई होवो न होवो. असल्या गणितात सात मिनिटांचा गिटार कोण वाजवत बसेल? 2005 च्या धोरणात सरकारने उत्पन्नाच्या 4 टक्क्यांचा सोपा नियम आणला. पण 'गो'चं पुढे 'रेडिओ वन' झालं, आकडा 94.3 झाला, गाणी हिंदी झाली. नंतर कधीतरी ते पुन्हा इंग्रजीकडे वळलंही. तोवर आमच्याकडे काटाच उरला नव्हता.

आता जुनी इमारत पुनर्विकासात गेली. फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत, एफएम तेवढं नाही. पूर्वी इअरफोनची वायरच एरियलचं काम करायची. आता कानातल्या बोंडांना वायरच नाही.

परवा भाऊ आला होता. मी तेच गाणं लावलं, अगदी काचेसारखं स्वच्छ. सोलो त्या जागी आला आणि गप्पा मारता मारता याने पोटरी खाजवली.